मॉरिशस : सातातला एक दिवस

लग्नसराई जवळ आली की आमच्या ऑफिसच्या पॅन्ट्रीत एक प्रश्न हमखास ऐकू येतो. "मॉरिशसला चाललोय, काय काय बघू?" उत्तरंही ठरलेली असतात. बीच. स्पीडबोट. सात रंगांची माती. डॉल्फिन. पुन्हा बीच. मग जाऊन आलेला कुणीतरी अनुभवी आवाजात सांगतो, "अरे, काही टेन्शन नाही तिकडे. सगळे हिंदी समजतात. मिनी इंडियाच आहे!" झालं. चहा संपतो, विषय संपतो, मंडळी आपापल्या क्युबिकलमध्ये परत.

मी तिथे आठवडाभर राहून आलेय आणि जायच्या आधी, आल्यानंतरही बरंच वाचलंय. त्यामुळे ह्या विषयावर मला मत आहे. (तुला मत नाही असा विषय दाखव, असं नवरा म्हणतो. असो.) तर मत असं, की मॉरिशस हा ना स्वर्ग आहे, ना मिनी इंडिया. ह्या दोन पाट्या लावून आपण त्या बेटावरची सगळ्यात इंटरेस्टिंग गोष्ट न बघताच परत येतो. मुळात जिथे एकही माणूस राहत नव्हता, तिथे एक देश कसा तयार झाला, ही ती गोष्ट. सातपैकी सहा दिवस खुशाल समुद्रात डुंबा. एक दिवस ह्या गोष्टीला द्या. एवढंच माझं म्हणणं आहे, आता ते का ते सांगते.

आधी स्वर्गाचं प्रकरण निकालात काढू. ब्रोशरवर मार्क ट्वेनचं नाव घालून एक वाक्य हटकून छापलेलं असतं. देवाने आधी मॉरिशस घडवलं आणि मग त्यावरून स्वर्ग बेतला, अशा अर्थाचं. ट्वेन १८९६ मध्ये तिथे गेला होता हे खरं. पण त्याच्या प्रवासवर्णनात हे त्याचं स्वतःचं मत म्हणून येतच नाही. बेटावरच्या एकाने आपल्याला असं सांगितलं, असं तो लिहितो, आणि ही अतिशयोक्ती आहे असं सांगणारे दुसरेही भेटले, हेही लिहितो. म्हणजे पठ्ठ्याने जी गंमत केली, ती जाहिरातवाल्यांनी सर्टिफिकेट म्हणून फ्रेम करून भिंतीवर लावली!

आता थोडी कामाची माहिती. मुख्य बेट साधारण १,८६५ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या गोव्याच्या जेमतेम निम्मं. लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास. गाडीने एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायला दीड-दोन तास पुरतात. पावसाळ्यात बाणेरहून हिंजवडी फेज थ्री गाठायला लागतात साधारण तेवढेच. नाशिक विषुववृत्ताच्या जेवढं उत्तरेला आहे, तेवढीच राजधानी पोर्ट लुई दक्षिणेला. त्यामुळे ऋतू उलटे. आपल्याकडे मे महिन्यात शाळांना सुट्टी लागते तेव्हा तिथे हिवाळ्याची चाहूल लागलेली असते. घामाघूम व्हायला होत नाही, पण संध्याकाळी पातळसं जॅकेट लागतं. जानेवारी ते मार्च हा वादळांचा काळ. वादळाची सूचना वर्ग एक ते वर्ग चार अशी देतात, आणि वर्ग तीन लागला की सगळा देश घरात बसतो, तुमचं साईटसीइंगसुद्धा.

घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे. गाड्या डावीकडून. भारतीय पासपोर्टवर फिरायला जाताना आधी व्हिसा काढावा लागत नाही. चलन रुपयाच, पण त्यांचा रुपया आपल्यापेक्षा महाग आहे, तेव्हा मेनूकार्डावरचे आकडे बघून हुरळून जाऊ नका. नोट हातात आली की नीट बघा, तिच्यावर इंग्रजीबरोबर तमिळ आणि देवनागरी अक्षरं आहेत. १९९८ मध्ये नव्या नोटांवर ह्या दोघांचा क्रम बदलला म्हणून तिथे एवढं रण माजलं, की त्या नोटा मागे घ्याव्या लागल्या. एवढ्याशा कागदावर कोण वर आणि कोण खाली! भाषावार प्रांतरचना बघितलेल्या आपल्या लोकांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

'सनी आयलंड' हेही अर्धसत्य. वारा आग्नेयेकडून येतो, मधल्या पठारावर चढतो आणि तिथेच पाऊस टाकतो. त्यामुळे मधलं क्युरपिप गाव सदा ओलं, ढगाळ आणि पश्चिम किनारा कोरडा ठणठणीत. ताम्हिणीत धो-धो आणि सुप्यात धूळ, हाच आपला सह्याद्रीचा प्रकार खिशात मावेल एवढ्या आकारात. जून ते ऑगस्टमध्ये जाणार असाल तर पश्चिमेकडचं हॉटेल घ्या, पूर्वेला वारा जाम सतावतो.

समुद्र शांत का, तर बेटाभोवती जवळजवळ पूर्ण प्रवाळांचं कडं आहे. लाटा बाहेरच फुटतात, आत गुडघाभर निळं पाणी. दक्षिणेला सुयाकजवळ ग्री-ग्री म्हणून जागा आहे, तिथे हे कडं तुटलंय. तिथे उभं राहून बघा, म्हणजे कडं नसतं तर ह्या बेटाचं काय झालं असतं ते कळतं. पाण्यात उतरताना जाड तळाचे बूट घाला, कारण दगडासारखा दिसणारा एक विषारी मासा खरंच असतो. फोटोतला तो 'पाण्याखालचा धबधबा' मात्र बोटीतून शोधत बसू नका. तो धबधबा नाहीच. ल मॉर्नच्या टोकाला वाळू आणि गाळ खोल पाण्याकडे ओढला जातो, त्याचा भास वरून, म्हणजे हेलिकॉप्टरमधून, तसा दिसतो.

ही झाली ब्रोशरची भर. आता मुद्द्याकडे.

विमानतळावरून हॉटेलकडे जाताना दोन्ही बाजूंना ऊस लागतो. आपल्याला ऊस काय नवीन? पण नीट बघितलं तर उसाच्या मधोमध काळ्या दगडांचे मोठमोठे ढीग दिसतात, कुठे पायऱ्या-पायऱ्यांचे, कुठे नुसतेच. ड्रायव्हरला विचारलं तर म्हणाला, "शेतातून काढलेले." एवढंच. ह्या 'एवढंच' मध्ये त्या देशाचा इतिहास आहे.

हे दगड म्हणजे बेसाल्ट. मॉरिशस ज्वालामुखीतून वर आलं, साधारण ऐंशी लाख ते एक कोटी वर्षांपूर्वी. बहुतेक भूशास्त्रज्ञ असं मानतात की ज्या उष्ण ठिपक्यातून ते वर आलं, त्याच ठिपक्यावरून सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी आपला भारत सरकत होता, आणि तेव्हा जो लाव्हा बाहेर आला त्याचं दख्खनचं पठार झालं. मेणबत्तीवरून कागद हळूहळू ओढत नेला तर जसे एकामागोमाग एक डाग पडत जातील, तसं हे. आधी दख्खन, मग लक्षद्वीप-मालदीवची रांग, मग मॉरिशस आणि आज शेजारचं रियुनियन, जिथला ज्वालामुखी अजून जागा आहे. म्हणजे रायगडाचा कातळ आणि मॉरिशसच्या उसातला दगड एकाच भट्टीतले! त्या प्रसिद्ध सात रंगांच्या मातीचंही तेच. बेसाल्ट कुजून झालेली माती, तिच्यात लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं. कोकणातला जांभाही साधारण ह्याच रसायनाचा. आपण मात्र कोकणातल्या तांबड्या मातीत चपला खराब झाल्या म्हणून कुरकुरतो आणि शामारेलला तिकीट काढून तीच माती बघायला जातो.

हे दगड उपसून ढीग कुणी लावले, ह्याचं उत्तर मिळवायला थोडं मागे जावं लागतं. बेटावर मूळ रहिवासी असे कुणी नव्हतेच. १५९८ मध्ये डच उतरले, त्यांनी आपल्या राजपुत्राचं नाव बेटाला दिलं. पुढे त्यांनी ऊस आणला, जावाहून हरणं आणली. त्यांच्या जहाजांबरोबर डुकरं, माकडं आणि उंदीरही उतरले, आणि शंभर वर्षांच्या आत डोडो संपला. हा डोडो म्हणजे मोठ्ठं न उडणारं कबुतरच. १६६२ नंतर तो दिसल्याची खात्रीची नोंद नाही. तिकडचे गाइड एक छान गोष्ट सांगतात, की एका झाडाचं बी डोडोच्या पोटातून गेल्याशिवाय रुजायचं नाही, म्हणून डोडो गेल्यावर ते झाडही संपत आलं. १९७७ मध्ये एका शास्त्रज्ञाने हा सिद्धांत खरोखरच मांडला होता. पण डोडो गेल्यानंतर उगवलेली झाडंही पुढे सापडली, आणि बी तसंही रुजतं हे दिसून आलं. गोष्ट एकदम एलिगंट, फक्त टेस्ट केस पास होत नाही.

त्यापेक्षा खरी गोष्ट जास्त चांगली आहे. १९७४ मध्ये मॉरिशसचा खरूची ससाणा जगात फक्त चार उरले होते. अंडी काढून उबवणं, पिल्लं वाढवून सोडणं, असं करत करत तो वाचला. गुलाबी कबुतर १९९०च्या सुमारास जंगलात दहा-बारावर आलं होतं, आज काहीशे आहेत. जे गेलं त्याचं टी-शर्टवर चित्र, आणि जे वाचवलं त्याचं नाव कुणाला माहीत नाही. हा न्याय आपल्या प्रोजेक्टमध्येही असतो म्हणा. प्रॉडक्शन कोसळलं की सगळ्यांना कळतं, कोसळू न देणारा कुणाला दिसत नाही.

१७१० मध्ये डच कंटाळून निघून गेले. मग फ्रेंच आले, मग १८१० मध्ये इंग्रज. इंग्रजांनी बेट घेतलं, पण शरणागतीच्या अटींप्रमाणे फ्रेंचांची भाषा, धर्म आणि कायदे राहू दिले. म्हणून आज शाळेची पुस्तकं इंग्रजीत, वर्तमानपत्रं फ्रेंचमध्ये आणि घरात, रस्त्यात, भांडणात, प्रेमात क्रिओल. क्रिओल ही मालक आणि गुलाम ह्यांच्यामध्ये तयार झालेली भाषा. मादागास्कर आणि पूर्व आफ्रिकेतून हजारो माणसं धरून आणली गेली. पळून गेलेले गुलाम नैऋत्येच्या ल मॉर्न डोंगरावर लपायचे. तिथली आख्यायिका अशी, की १ फेब्रुवारी १८३५ ला गुलामगिरी संपल्याची बातमी द्यायला शिपाई डोंगर चढू लागले, तेव्हा ते आपल्याला पकडायलाच येतायत असं समजून लोकांनी कड्यावरून उड्या घेतल्या. खरं-खोटं कुणी सिद्ध केलेलं नाही. पण आज त्याच डोंगराच्या पायथ्याशी महागडी रिसॉर्ट्स आहेत आणि पाहुणे म्हणून आपण त्याला पाठमोरे उभे राहून सेल्फी काढतो. १ फेब्रुवारीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते. सुटका झाल्यावर भरपाईही दिली गेली, सुमारे वीस लाख पौंड. कुणाला? मालकांना.

मालकांना पैसे मिळाले, पण ऊस कोण तोडणार? मग इंग्रजांनी एक 'महान प्रयोग' करायचं ठरवलं (हे नाव त्यांनीच दिलेलं). २ नोव्हेंबर १८३४ ला ॲटलस नावाच्या जहाजातून ३६ भारतीय मजूर पोर्ट लुईला उतरले. १९२० पर्यंत ही संख्या साडेचार लाखांवर गेली. कलकत्ता, मद्रास आणि आपल्या मुंबई बंदरातून. पाच वर्षांचा करार, पुरुषाला महिना पाच रुपये आणि शिधा. करार म्हणजे ॲग्रिमेंट, त्याचं आपल्या लोकांच्या तोंडी झालं गिरमिट. आज ज्याला आप्रवासी घाट म्हणतात त्या धक्क्यावर ते उतरायचे. बंदराकडच्या सोळा दगडी पायऱ्या चढायच्या, दोन दिवस तिथल्या शेडमध्ये राहायचं, एक नंबर मिळायचा आणि मग मळ्यावर रवानगी. २००६ मध्ये ही जागा जागतिक वारसा यादीत गेली, २००८ मध्ये ल मॉर्नही.

आमच्या हॉटेलच्या टूर डेस्कवर सतरा सहलींची यादी होती. त्यात हा घाट नव्हता. विचारलं तर तिथल्या मुलीने अगदी मनापासून सांगितलं, "मॅडम, तिथे बघण्यासारखं काही नाही." एका अर्थी बरोबर आहे तिचं. पायऱ्या, काही भिंती, स्वयंपाकघर, हॉस्पिटल आणि संडासाच्या खोल्यांचे अवशेष. वीस मिनिटांत संपतं. पण लगतच्या माहिती केंद्रात त्या काळचे कागद आहेत. तिथे मी दोन तास होते आणि नवरा एकदाही "चल" म्हणाला नाही. आमच्या लग्नात हा रेकॉर्ड आहे.

आपण आयटीवाले स्वतःला गंमतीत 'सायबर कुली' म्हणवतो. आयटी हमाल. ऑनसाइटला जाणारे तर जास्तच. मला वाटतं, घाटावर जाऊन आलेल्या माणसाला हा विनोद फार वेळ करता येणार नाही. वरवर बघितलं तर साम्यं भरपूर. बॉण्ड आहे, एजंट आहे, फोटोचं कार्ड आहे, एम्प्लॉयी नंबर आहे. १८६७च्या कायद्यानंतर मजुराला स्वतःचा फोटो असलेला पास जवळ बाळगावा लागायचा. आता फरक बघा. आपण सँडविच लीव्हवरून एचआरच्या नावाने खडे फोडतो. त्यांचा एक दिवस बुडाला की दोन दिवसांचा पगार कापला जायचा. आपण कंटाळलो की रेझिग्नेशनचा मेल टाकतो. त्यांनी करार मोडला तर तुरुंग. पास नसताना सापडला तर पोलीस. कुली हा शब्द ज्यांच्यावर लादला गेला त्यांना तो टाकून द्यायला शंभर वर्षं लागली. घाटाचं जुनं नावही कुली घाट होतं, ते त्यांनी मुद्दाम बदललं. एसीत बसून तो शब्द आपण हौसेने अंगावर घ्यायचं काही कारण नाही.

आणि त्या उसातल्या ढिगांचं उत्तरही इथेच आहे. गुलामांनी आणि मग ह्या गिरमिटवाल्यांनी शेतं करण्यासाठी जमिनीतला एक-एक दगड हाताने उपसला आणि रचला. त्यांच्यात कोकणातून गेलेली मराठी माणसंही होती. विचार करा, सह्याद्रीच्या कातळाला कंटाळून, पोटासाठी साडेचार हजार किलोमीटर लांब गेला, आणि तिथे पुन्हा तोच कातळ उपसत बसला.

तिथले मराठी लोक आज काय करतात? गणेश चतुर्थीला मॉरिशसमध्ये सार्वजनिक सुट्टी असते. गणपती नदीत, समुद्रात विसर्जन करतात, झाकरी नावाचा नाच करतात. कोकणात जाखडी नाचणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. प्राथमिक शाळेत मराठी विषय घेता येतो, मोक्याच्या महात्मा गांधी संस्थेत पुढचं शिक्षण. (मोका हे गावाचं नाव, आपला मोका नव्हे!) मजुरांच्या नोंदींचं दप्तरही त्याच संस्थेत ठेवलेलं आहे. आडनावं मात्र ओळखू येत नाहीत. इंग्रज कारकुनाला जे ऐकू आलं ते त्याने लिहिलं, आणि बोटीतून उतरलेल्या पणजोबांचं नुसतं नाव पुढच्या सगळ्यांचं आडनाव झालं.

इथेच माझा 'मिनी इंडिया'वर आक्षेप सुरू होतो. आमच्या व्हॅनमध्ये एक सद्गृहस्थ होते. ड्रायव्हरकाकांचे पूर्वज महाराष्ट्रातले आहेत कळल्यावर ते एकदम खूष होऊन म्हणाले, "अरे वा, म्हणजे तुम्ही आमचेच की! इंडियन!" काका आरशातून बघून शांतपणे हसले. "नो सर. मॉरिशियन." मग आपणहून म्हणाले की घरी गणपती बसतो, ते देव्हाऱ्यापुढे मराठी आरती म्हणतात, आणि सासुरवाडी क्रिओल आहे. त्यांच्या दृष्टीने ह्यात काहीच विसंगत नव्हतं.

दर तीन मॉरिशियनांमागे दोघांचे पूर्वज भारतातून गेलेले आहेत, हे खरं. गांधीजी १९०१ मध्ये दक्षिण आफ्रिकेहून परतताना तिथे सुमारे तीन आठवडे थांबले होते, आणि मॉरिशसने स्वातंत्र्यदिन निवडला तोही दांडीयात्रेची तारीख म्हणून, १२ मार्च (१९६८), हेही खरं. अभिमान वाटणारच. पण 'मिनी इंडिया' म्हटलं की तिसरा माणूस आपोआप गायब होतो. ज्याचे पूर्वज साखळदंडात आले, ज्याचं आडनाव मालकाने ठेवलं, ज्याच्याकडे परत जायला कुठलंच गाव नाही. हॉटेलात शनिवारी रात्री बुफेबरोबर जो सेगा नाच असतो ना, तो त्या माणसाचा. चुलीच्या धगीवर कातडं तापवून वाजवायचा तो ढोल, रवान, तोही त्याचाच. १९९९ मध्ये काया नावाचा क्रिओल गायक पोलीस कोठडीत मेला, तेव्हा हे बेट काही दिवस जळत होतं. जिथे असं घडतं तो स्वर्ग नसतो. आणि जिथले लोक त्यानंतरही एकमेकांच्या सणाला मिठाई पाठवतात तो नरकही नसतो. तो देश असतो, इतर देशांसारखा.

आणि देश म्हणून त्यांनी जे केलंय ते साधं नाही. १९६१ मध्ये जेम्स मीड ह्या अर्थतज्ज्ञाने (पुढे त्याला नोबेल मिळालं) बेटाचं भविष्य अंधारात असल्याचं लिहिलं. एकच पीक, वाढती तोंडं, अनेक जमाती. त्यानंतर दहा-अकरा वर्षांनी नायपॉलनेही साधारण तसंच. मग त्यांनी १९७० पासून निर्यातीसाठी कपड्यांचे कारखाने काढले, पर्यटन उभं केलं, मग बँका. आपल्याला ते माहीत झालं ते बिझनेस पेजवरच्या 'मॉरिशस रूट'मुळे. १९८३ पासूनच्या करारामुळे भारतात येणारा परदेशी पैसा तिथून वळसा घालून यायचा. २०१६ मध्ये तो करार बदलला आणि गंमत ओसरली. तिथलं शिक्षण फुकट, सरकारी इस्पितळ फुकट, निवडणुका वेळेवर. २०२० मध्ये जागतिक बँकेने त्यांना श्रीमंत देशांच्या गटात टाकलं. पण त्याच वर्षी कोविडने विमानं थांबवली, आणि पुढच्याच वर्षी ते त्या गटातून खाली आले. 'आम्ही पैसे मोजून गेलो होतो' म्हणताना हेही लक्षात असावं, की आपल्या येण्यावर किती घरं चालतात.

त्याच २०२० मध्ये २५ जुलैला वाकाशियो नावाचं जपानी मालकीचं जहाज आग्नेय किनाऱ्यावर प्रवाळात घुसलं. ऑगस्टमध्ये सुमारे हजार टन तेल त्या निळ्या पाण्यात सांडलं. सरकार म्हणालं, लोकांनी लांब राहावं. लोक ऐकले नाहीत. उसाचा पाला पोत्यांत भरून, कुणी केस कापून देऊन, त्यांनी तरंगते बांध शिवले. हिंदू, मुसलमान, क्रिओल, सगळे तेलात कोपरापर्यंत हात घालून. ज्या उसासाठी त्यांच्या पणजोबांना आणलं, त्याचाच पाला! तुम्ही माहेबुर्गच्या किनाऱ्यावर स्पीडबोटीत बसाल तेव्हा समोरचं पाणी आपोआप निळं राहिलेलं नाही, हे माहीत असलेलं बरं.

आणखी एक. तिथले किनारे भरतीच्या रेषेपर्यंत सार्वजनिक आहेत, हॉटेलचे नाहीत. हॉटेलं सरकारी जमिनीवर भाडेपट्ट्याने उभी असतात. रविवारी एखादं स्थानिक कुटुंब बिर्याणीचा टोप आणि रवान घेऊन तुमच्या आरामखुर्चीसमोर बसलं तर मॅनेजरकडे तक्रार करायला जाऊ नका. जागा त्यांचीच आहे.

तर तो एक दिवस कसा घालवायचा? रविवार सोडून कुठलाही वार घ्या, रविवारी पोर्ट लुई झोपलेलं असतं. सकाळी आधी आप्रवासी घाट. तिथून चालत जाण्यासारखं, फ्रेंचांच्या जुन्या लष्करी इस्पितळात गुलामगिरीचं संग्रहालय आहे; दोन्ही त्याच दिवशी बघा, एकच बघून येणं म्हणजे अर्धंच पुस्तक वाचणं. भूक लागली की बाजारात डाळपुरी खा. वाटाण्याच्या डाळीचं सारण भरलेली मऊ पोळी, जोडीची, वर रस्सा आणि मिरचीची चटणी. पुरणपोळीची तिखट मावसबहीण समजा. वर आलुदा प्या, म्हणजे आपला फालुदाच. दुपारी संग्रहालयात डोडोचा सांगाडा बघा. शिवाय ब्लू पेनी संग्रहालयात १८४७ची ती दोन जगप्रसिद्ध तिकिटं आहेत. उजेडाने खराब होऊ नयेत म्हणून मूळ तिकिटांवर ठरावीक वेळी काही मिनिटंच दिवा लावतात. वेळ विचारून जा. आणि परतताना उसाच्या शेतात एखादा दगडांचा ढीग दिसला की गाडी पाच मिनिटं थांबवा. तिकीट नाही, गाइड नाही, फोटोही काही खास येत नाही. एक दगड हातात उचलून वजन बघा फक्त. आणि तसे अजून किती आहेत ते.